चाळिसावी आणि एकेचाळिसावी

थोरलीच्या डोळ्यांत तिची धाकटी जाऊ खुपायची. हे ती स्वतःही नाकारायची नाही, फक्त त्याला वेगळं नाव द्यायची. "मला बाई तिचा स्वभावच कळत नाही," असं म्हणायची. आता एकोणीस वर्षं जिच्या समोरच्या दारात काढली तिचा स्वभाव कळत नाही म्हणजे काय? सगळं कळत होतं. दुखणं तेच होतं.

दोघा भावांची घरं एकाच मजल्यावर, समोरासमोर, मधे जेमतेम चार पावलांची जागा. थोरली या घरात चार वर्षं आधी आली, तेव्हा मान आपला आणि पहिला शब्दही आपला, असं तिचं सरळ गणित होतं. धाकटीने ते आल्या आल्या उधळून लावलं, आणि तेही काहीही न करता. ती नुसती हसत आली. सासूबाई म्हणायला दोन्ही घरांत राहायच्या, पण त्यांचा चष्मा, त्यांच्या गोळ्या आणि त्यांच्या गप्पा धाकटीकडे. थोरलीकडे त्या जेवायला यायच्या आणि "छान झालं होतं हो" म्हणून हात धुवायच्या. धाकटीकडे मात्र मीठ जास्त पडलं म्हणून भांडायच्या. थोरलीला त्या भांडणाचाही हेवा वाटायचा.

सगळ्यात खोल काटा आणखी जुना होता. थोरलीने चार वर्षं डॉक्टरांचे उंबरे झिजवले तेव्हा कुठे तिला दिवस गेले. त्याच सुमारास धाकटीलाही गेले, लग्नाला वर्षही झालेलं नसताना. बरं, गेले तर गेले. पण धाकटीची पोरगी दिवस भरायच्या आत, थोरलीच्या पोरीच्या तीन आठवडे आधी जन्मली. पहिलं नातवंड म्हणून सगळं घर तिकडे धावलं, आणि थोरलीची वेळ आली तेव्हा सगळे धावून दमलेले होते. एवढी घाई कुणी सांगितली होती, असं थोरली अठरा वर्षं मनातल्या मनात विचारत आली. आपण एका तान्ह्या पोरीला जाब विचारतोय हे काही तिच्या ध्यानात यायचं नाही.

पोरींना यातलं काही ठाऊक नव्हतं. धाकटीची उंच आणि काडीसारखी, तिला सगळे शेंग म्हणत. थोरलीची ठेंगणी आणि गुबगुबीत, ती गोटी. एकीला खरचटलं की दुसरी रडायची. दोघींनी एकाच वर्गात एका बाकावर बसून बारा वर्षं काढली, आणि आता दोघींना एकाच संस्थेत जायचं होतं. ती संस्था म्हणजे थोरली जिथे नोकरीला होती तीच.

तिथे दातांच्या कवळ्या बनवायला शिकवत. दातांचा डॉक्टर माप घेतो आणि ते ज्याच्याकडे पाठवतो तो कारागीर तिथे तयार होई. वर्कशॉपमध्ये चाळीस टेबलं होती, प्रत्येकाला एक दिवा, एक बर्नर आणि एक छोटी मोटर. टेबलं चाळीस म्हणून जागा चाळीस. बाहेर पडणाऱ्याला नोकरी शोधावी लागत नसे, नोकरीच दारात उभी असे. त्यामुळे मिळालेली जागा कुणी सोडत नसे, आणि प्रतीक्षा यादी ही नुसती मनाची समजूत होती. प्रवेशाला शंभर गुणांचा पेपर आणि शंभर गुणांचं हातकाम: मेणाच्या ठोकळ्यातून एक दाढ कोरायची. दोन महिने पोरी दाढा कोरत होत्या, आणि कोरत होत्या त्याही धाकटीच्या स्वयंपाकघरात. थोरलीच्या घरीही चांगलं मोठं टेबल होतं, पण ते कुणाला दिसलं नाही.

थोरली तिथली संगणकवाली. संस्थेचा डेटाबेस तिने हाताने उभा केला होता. प्रत्येक उमेदवाराची एक ओळ. त्या ओळीत नाव, फोन, पेपरचे गुण, हातकामाचे गुण, असे रकाने. तिच्या हाताखाली संगणकाचं काम शिकायला येणाऱ्यांना ती एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात बजावायची. लोकांना वाटतं डेटाबेसमध्ये याद्या असतात. याद्याबिद्या काही नसतात, ओळींचा ढीग असतो. आपण त्याला प्रश्न विचारतो आणि प्रश्नाच्या शेवटी सांगतो की उत्तरं कोणत्या क्रमाने लाव. एकूण गुणांवर लाव म्हटलं तर तो लावतो. पण दोघांचे गुण सारखे असले आणि त्यांच्यात पुढे कोण हे आपण सांगितलं नाही, तर त्याला जे सोयीचं पडेल ते तो करतो. आज एक पुढे, उद्या दुसरा. म्हणून बरोबरी कशी सोडवायची ते तुम्ही सांगा, त्याच्यावर सोडू नका. इतकं शिकवून थोरलीच्या स्वतःच्या प्रश्नात मात्र ही दुसरी अट नव्हतीच. संस्थेच्या नियमांत बरोबरीचा उल्लेख नव्हता, आणि चाळीस-एकेचाळीसच्या वेशीवर बरोबरी आजवर कधी आली नव्हती. राहून गेलं ते गेलं.

घरच्या दोन पोरी परीक्षेला बसल्यात हे तिने प्राचार्यांना आधीच सांगितलं होतं. प्राचार्य म्हणाले होते की गुण परीक्षक देतात, तेही नावं झाकून. तुम्ही फक्त क्रम लावायचा, त्यात काय होणार आहे?

निकालाच्या दिवशी सकाळी अकराला सगळे गुण भरून झाले. थोरलीने दार लोटून घेतलं, पाण्याचा एक घोट घेतला आणि यादी मागवली. चाळिसावी शेंग होती. एकेचाळिसावी गोटी होती. दोघींसमोर एकच आकडा, एकशे एकावन्न.

तिने आधी आकडा नीट पाहिलाच नाही. तिला फक्त क्रम दिसला. पुन्हा तीच पुढे. अठरा वर्षांनी, भिंतीवर लावायच्या कागदावर, शिक्क्यासकट. थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली. पोटच्या पोरीची जागा गेली याचं दुःख नंतर आलं. आधी डोळ्यांपुढे आली ती समोरच्या दारात उभी राहून "गोटीचंही होईल हो काहीतरी" म्हणणारी धाकटी. ते ती अगदी मनापासून म्हणाली असती. त्यामुळे तर जास्तच झोंबलं असतं.

मग आकडा दिसला. थोरलीने दोघींच्या ओळी उघडल्या. शेंगला पेपरात सदुसष्ट आणि हातकामात चौऱ्याऐंशी. गोटीला पेपरात बहात्तर आणि हातकामात एकोणऐंशी. बरोबरी. खरं तर उठून समोरच्या खोलीत जायचं आणि प्राचार्यांना सांगायचं, साहेब, चाळिसाव्या जागेवर दोघी सारख्या आहेत, काय करू? चौदा पावलं होती. पण प्राचार्य आयुष्यभर मेण आणि पट्टी घेऊन बसलेले, हातकाम पाहा म्हणाले असते, आणि मग ती शेंगच. थोरली उठली नाही.

तिने काय केलं ते ऐका. तिने शेंगची ओळ उघडली, फोन नंबरच्या रकान्यात गेली, तिथला नंबर पुसला आणि तोच नंबर पुन्हा घातला. जतन केलं. बस. एका आकड्याचाही फरक नाही. पण इतक्या वर्षांत ढीग कसा वागतो हे तिला पाठ झालं होतं: ज्या ओळीला हात लावाल ती उचलली जाते आणि ढिगाच्या मागे जाऊन पडते. तिने यादी पुन्हा मागवली. चाळिसावी गोटी. एकेचाळिसावी शेंग.

मी काही बदललेलं नाही, असं ती स्वतःशी म्हणाली. आणि खरंच, जगातल्या कुठल्याही तपासनिसाला तिथे काही बदललेलं सापडलं नसतं.

प्राचार्यांनी सही केली, शिपायाने यादी फळ्यावर लावली. दुपारी थोरलीने गोटीला फोन करून सांगितलं. गोटी इतक्या जोरात ओरडली की थोरलीने फोन कानापासून लांब धरला, आणि त्या क्षणी तिला आपण केलं ते बरोबरच केलं असं वाटलं. गोटीने लगेच विचारलं, "आणि शेंग?" थोरली म्हणाली, थोडक्यात हुकलं गं तिचं. "मी तिच्याकडे जाते," म्हणून गोटीने फोन ठेवूनच दिला. थोरलीला पोरीचा रागच आला. आनंदाच्या वेळी सुद्धा हिला तीच आठवते.

चार वाजता निकाल वेबसाइटवर गेला, आणि साडेचारला धाकटीचा फोन आला.

आधी तिने गोटीचं तोंडभरून कौतुक केलं. चाळीस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला म्हणाली, सासूबाईंना चष्मा लावून दाखवला म्हणाली. मग जरा घुटमळली.

"ताई, एक विचारू? शेंगचं नाव कुठंच नाहीये. निवडीच्या पानावर शेवटी गोटी आहे, ते बरोबर. पण प्रतीक्षेचं पान उघडलं तर तिथेही पहिली गोटीच. चाळीसही तीच आणि एकेचाळीसही तीच. तुमच्या मशीनला आपली गोटी फारच आवडलेली दिसते." आणि ती हसली. तिच्या मनात काही नव्हतं, हे थोरलीला शपथेवर सांगता आलं असतं.

थोरलीने घाईने दोन्ही पानं उघडली. खरंच होतं. आणि का होतं हे तिला पापणी लवायच्या आत कळलं. फळ्यावरचा कागद एकदा छापला की छापला, पण वेबसाइटची दोन पानं डेटाबेसला वेगवेगळं विचारतात. एक म्हणतं पहिली चाळीस नावं दे. दुसरं म्हणतं पहिली चाळीस सोड आणि पुढची वीस दे. त्याने पहिल्यांदा विचारल्यावर गोटीला पुढे ठेवलं, दुसऱ्यांदा विचारल्यावर शेंगला. म्हणजे गोटी दोन्हीकडे आणि शेंग दोन्हीकडून गायब. बरोबरी त्याच्यावर सोडली की असं होतं, हे तिने किती जणांना शिकवलं होतं. तिच्या मनातली गोष्ट कुणीतरी चव्हाट्यावर मांडावी तसं ते तिथे दिसत होतं: माझीच दोन्हीकडे, तुझी कुठेच नाही.

धाकटीचा आवाज खाली आला होता. "शेंग म्हणते, नाही लागला नंबर तर नाही. पण मी पेपर दिला होता ना, दाढ कोरली होती ना. मग नाव तरी कुठेतरी असायला हवं. रडत नाहीये तशी. नुसतीच बसलीये."

बघते, म्हणून थोरलीने फोन ठेवला.

दुरुस्ती एका ओळीची होती. तिने प्रश्नात दुसरी अट घातली: गुण सारखे असतील तर अर्जाचा नंबर ज्याचा आधी तो पुढे. दोन्ही अर्ज तिनेच भरले होते, आणि घरचा आधी भरला होता हे काही सांगायला नको. पानं पुन्हा उघडली. चाळीसला गोटी, एकेचाळीसला शेंग, स्वच्छ. आता कितीही वेळा विचारा, उत्तर हलणार नव्हतं. फळ्यावरच्या कागदाशी जुळत होतं, आणि नियमासारखं दिसतही होतं. कुणी विचारणार नव्हतं. थोरलीने पर्स आवरायला घेतली.

तेवढ्यात फोनवर धाकटीचा निरोप आला: "दिसलं नाव. एकेचाळीस. लगेच केलंत, किती आभार मानू? शेंग म्हणते, मोठी काकू तिथे आहे म्हणून मी हरवले तरी नाही."

थोरलीने तो तीनदा वाचला. पहिल्यांदा संताप आला. हिला कुणी सांगितलं होतं आभार मानायला? दुसऱ्यांदा वाचला तेव्हा कान गरम झाले. तिसऱ्यांदा ती शेंग मेणाच्या तुकड्यांसमोर नुसतीच बसलेली दिसली, लांब हात मांडीवर टाकून. पण खोटं कशाला सांगा, तिला खुर्चीतून उठवलं ते या चित्राने नाही, आभारांनी उठवलं. धाकटीचे शिव्याशाप तिने आनंदाने घेतले असते. तिचे आभार मात्र जन्मभर छातीवर घेऊन समोरच्या दारात राहायचं, हे तिला झेपण्यासारखं नव्हतं. ती ताडकन उठली आणि प्राचार्यांच्या खोलीत गेली.

प्राचार्य छत्री शोधत होते. थोरलीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बरोबरी त्यांना लगेच कळली, फोन नंबरची गोष्ट काही केल्या कळेना.

"म्हणजे तुम्ही नंबर बदललात?"

"नाही. तोच घातला."

"मग बदललं काय?"

"काहीच नाही," थोरली म्हणाली, आणि तिला भर खोलीत रडू फुटलं.

रडण्यावरून प्राचार्यांनी काय ते ओळखलं. ते आवाज चढवून बोलले नाहीत, पण बरोबरी आहे हे सकाळी मला का सांगितलं नाही, एवढं एकच तीनदा विचारलं. मग ते म्हणाले, इथे दात हाताने बनतात, हातकामाचे गुण बघा, तो नियम आज लिहून माझी सही घ्या. पुढच्या वर्षी यादीला तुम्ही हात लावायचा नाही, हेही लेखी द्या. थोरलीने दुसऱ्या अटीत अर्जाचा नंबर काढून हातकामाचे गुण घातले. चाळिसावी शेंग, एकेचाळिसावी गोटी. पानं बदलली. सहाला पाच मिनिटं कमी असताना तिने स्वतःच्या हाताने फळ्यावरचा कागदही बदलला.

घरी आली तर स्वतःचं दार बंद होतं आणि समोरचं उघडं. सगळे धाकटीच्या स्वयंपाकघरात होते. सासूबाई खिडकीजवळ, पोरी टेबलाशी, टेबलावर मेणाच्या पांढऱ्या दाढांची रांग. धाकटी ताट वाढत होती, गोटीलाच. तिने थोरलीला बघून हसून खुर्ची ओढली. थोरली बसली नाही. बसले तर बोलता येणार नाही हे तिला माहीत होतं. तिने उंबऱ्यातूनच सांगितलं: दोघींना सारखे गुण होते. सकाळी शेंग पुढे आली होती. ते मी फिरवलं. आता नियमाने पुन्हा शेंग चाळिसावी आहे. कसं फिरवलं तेही सांगितलं.

धाकटीला आधी त्यातलं काही उमगलं नाही. "पण फोनचा नंबर माझाच आहे ना तो? तोच आहे ना?" असं तिने दोनदा विचारलं. शेंगला उमगलं होतं. तिने गोटीकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. जागा मिळाली म्हणून तिला हसताही येईना. धाकटीच्या हातातला डाव तसाच ताटावर थांबला. एकोणीस वर्षांत थोरलीने तिचा न हसणारा चेहरा पहिल्यांदाच पाहिला, आणि तो पाहायची आपल्याला किती हौस होती हे तिला तेव्हा आठवलं. आता तो समोर होता, आणि तिला तो बघवेना.

गोटी मात्र रडली नाही. तिने ताट बाजूला सारलं. "एकशे एकावन्न? दोघींना?"

"हो."

"मग आई, मला खरं सांग. तुला मी चाळिसावी यायला हवी होते, की ही एकेचाळिसावी जायला हवी होती?"

सगळ्यांसमोर विचारलं पोरीने. थोरलीला खोटं बोलता आलं असतं. आईच्या तोंडी शोभेल असं उत्तर तयार होतं, आणि कदाचित सगळ्यांनी ते मानूनही घेतलं असतं. तिने दाराची चौकट धरली.

"ही एकेचाळिसावी," ती म्हणाली.

मग गोटी म्हणाली, "मी आज इथेच राहते." सासूबाईंनी आपल्या शेजारची उशी उचलून तिच्यासाठी जागा केली. थोरलीने ते पाहिलं. सासूबाई इथे, गप्पा इथे, दाढा इथे, आणि आता पोटची पोरगीही इथेच. आणि या वेळी कुणाला जाब विचारायचीही सोय नव्हती.

"नाही," धाकटी म्हणाली. तिने डाव भांड्यात ठेवला, पदराला हात पुसले आणि थोरलीकडे न बघता बोलली. "गोटी, तू घरी जा. मला जे काय वाटायचं ते वाटेल, ते माझं मी बघेन. तू तुझ्या आईबरोबर जा."

गोटी उठली. दोघी बाहेर पडल्या, गोटी पुढे, थोरली मागे. मधल्या चार पावलांत पोरगी एकदाही वळली नाही. थोरली कुलपाला किल्ली लावत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, झाल्या गोष्टीची खरोखर लाज वाटत होती; आणि तरीसुद्धा आपली पोरगी आपल्या घरी आली तीही धाकटीने पाठवली म्हणून, हे तिला तेवढ्यातही झोंबलंच.